चार वेळा वाजली तर

"धावली बघा! बेल कुणाची, पळतंय कोण! माझा कोबी सांडला तरी चालेल, पण राणीसाहेबांना आधी वाट हवी!" स्तेशामावशी गरम पातेलं पोटाशी धरून भिंतीला चिकटली, तरी दाराकडे धावणाऱ्या ग्लाफिराचा खांदा तिला लागलाच.

दारात ट्रामच्या टोपीतला एक माणूस होता, पोर्फिरीचा दोस्त. "माफ करा हं," तो ओशाळून म्हणाला, "तीनदाच दाबायची होती. बोट सरकलं."

त्या घरात खोल्या तेवढी कुटुंबं होती, पण बाहेरचं दार एक आणि बेल एक. स्तेशामावशीसाठी एकदा दाबायची, ट्राम-कंडक्टर पोर्फिरीसाठी तीनदा, ग्लाफिरा आणि येफिमसाठी चारदा. दुसऱ्याच्या बेलला हलायचं नाही, हा लेनिनग्राडचा शिष्टाचार. आपली वाजली की झोपेतही पाय जमिनीला लागतात. शेजाऱ्याची कितीही वाजो, घोरणं मोडत नाही.

ग्लाफिराचा नवरा येफिम किल्ली कायम विसरायचा. आला की चारदा दाबायचा आणि वर दारावर बुटाची एक लाथ घालायचा. बंदरावरच्या लाकडाच्या वखारीत तो राखणदार होता. सप्टेंबरात वाऱ्याने नेवा नदी उलटी फिरवली, पाणी शहरात शिरलं, वखारीतले ओंडके रस्त्यांतून मोकाट बैलांसारखे धावले. येफिम त्या दिवशी कामावर होता. नंतर ना तो सापडला, ना त्याचा कोट. आता वसंत आला होता. नदीवरचा बर्फ फुटायला लागला, की नदी काय काय वर आणते ते घरातल्या प्रत्येकाला माहीत होतं. म्हणून सगळे साखरेच्या टंचाईवर बोलत.

आणि अधूनमधून कुणीतरी ग्लाफिराच्या ओंजळीत आशेचं काहीबाही टाकायचं. पोर्फिरीनं ऐकलं होतं की क्रोनश्टाटच्या इस्पितळात एक माणूस आहे, स्वतःचं नावही विसरलेला, येफिमसारखाच भुवईवर व्रण असलेला. ग्लाफिरा भर हिवाळ्यात गोठलेल्या खाडीवरून तिथे जाऊन आली. माणूस फिनिश खलाशी निघाला, आणि व्रण होता हनुवटीवर. तरी आठवडाभर ती गुणगुणत भांडी घासत होती.

अशात टोकाच्या खोलीत रिम्मा नावाची टायपिस्ट राहायला आली. तिला बेल द्यायला हवी होती.

"चार हिला देऊ," इमारतीचा व्यवस्थापक म्हणाला. "ग्लाफिरा निकितिच्नाकडे तसंही कोण येणार आहे?"

स्वयंपाकघरात सगळे एकदम खोकले.

"म्हणजे, तात्पुरतं," तो घाईनं म्हणाला.

ग्लाफिराचा जीव तेव्हापासून टांगणीला लागला. रिम्मा तरुण, देखणी. तिच्याकडे दिवसभर माणसं येणार. चार वेळा वाजणार आणि तो नसणार, पुन्हा वाजणार आणि तो नसणार. मग एक दिवस आपला कान मरेल. आणि नेमका त्याच दिवशी तो आला तर?

कान कसा मरतो ते तिला पक्कं ठाऊक होतं. तिची नोकरीच ती. कुत्र्यांवर प्रयोग करणाऱ्या एका संस्थेत ती कामाला होती. तिथे दिमोक नावाचा राखाडी कुत्रा पट्ट्यांत उभा केलेला असे. भिंतीआड बसून ती घंटी वाजवायची, खाण्याच्या वाडग्यात सुक्या मांसाची भुकटी पडायची, आणि गालाला लावलेल्या नळीतून लाळ ठिबकायची. पुढे पुढे नुसत्या घंटीनंच ठिबकू लागली. आता डॉक्टरांना ते पुसून टाकायचं होतं. घंटी वाजवायची, मांस द्यायचं नाही. लाळ कमी होत गेली. एके दिवशी घंटी वाजली आणि दिमोकनं जांभई दिली.

ती जांभई तिला बघवली नाही. तिनं चोरून एक तुकडा टाकला. मग कधी चारपाच दिवसांनी आणखी एक.

"ग्लाफिरा निकितिच्ना, तुमचा कुत्रा काय संत आहे?" डॉक्टर आर्सेनी ल्वोविचनी विचारलं. "बाकीचे केव्हाच विसरले. हा अजून उपाशी पोटी वाट बघतोय." बोलता बोलता त्यांचं लक्ष तिच्या ॲप्रनच्या खिशावरच्या तेलकट डागाकडे गेलं. ते ओरडले नाहीत. स्टुलावर बसले.

"रोज देता?"

"नाही हो! कधीतरी. एखादाच तुकडा."

"तेच तर वाईट. काहीच दिलं नसतं, तर तो विसरला असता, शांत झोपला असता. कधीतरीच्या तुकड्यावर हा मरेपर्यंत कान टवकारून उभा राहील. आणि तुम्हाला वाटतंय, तुम्ही दया करताय." त्यांनी हात पुढे केला. तिनं घंटी त्यांच्या हातात दिली.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा व्यवस्थापक दारावर नवी चिठ्ठी ठोकत होता. रिम्मा: चार. ग्लाफिरा: पाच.

"नका हो लावू," ती म्हणाली. मग त्याच्या हातोडीलाच लटकली. "पाया पडते. तिला पाच द्या, सहा द्या, माझी सगळी खोली द्या!"

आवाज ऐकून सगळे बाहेर आले. रिम्मा हातात चहाचा पेला घेऊन रडवेली उभी. पोर्फिरीला कुणाचं रडणं सोसत नसे. तो पुढे झाला. "एवढी घाई कशाला करता, साहेब? परवाच एक नावाडी सांगत होता, खाडीकाठच्या ओरानियेनबाउमला एक माणूस..."

ग्लाफिराची मान वळली. तोंडाला पाणी सुटावं तसं काहीतरी आत सुटलं. आणि ते सुटतंय हे तिला दिसलं.

"कोण नावाडी?" तिनं विचारलं. "नाव काय त्याचं?"

"नाव... आता नाव कसं..."

"पोर्फिरी कुझ्मिच, हात जोडते. असेल तर आत्ता चालत जाते, अनवाणी जाते. नसेल तर नाही म्हणा. कुणीतरी म्हणा. मला नाही म्हणवत."

पोर्फिरी टोपीची कड चाचपत राहिला. व्यवस्थापकानं खिळे खिशात टाकले. आत स्टोचा फरफर आवाज तेवढा चालू होता. स्तेशामावशी आत गेली, तो बंद केला, हात पुसत परत आली आणि तिनं ग्लाफिराचे दोन्ही दंड धरले.

"येफिम बुडाला, ग्लाशा," ती म्हणाली. "त्याच दिवशी बुडाला, पोरी. तो यायचा नाही."