यार्मिलाची झारी

"हात सोड. मी काही काचेचा नाही," बोहूश म्हणाला.

यार्मिलाने नवऱ्याचा हात सोडला, तसा तो लगेच कुंपणाला टेकला.

"काचेचा कसला, लाकडाचा आहेस. वाळवी लागलेल्या."

इस्पितळातून सुटल्यावर त्याने कपडेसुद्धा बदलले नव्हते. ब्रनो शहराच्या टेकडीवरच्या त्यांच्या बागेपर्यंत चढण होती आणि छातीवरचे टाके अजून ओढत होते. पण त्याला आपलं दगडफोडीचं झाड बघायचं होतं. उभ्या रोवलेल्या दगडांच्या फटीत त्याने ते चिमुकलं पहाडी झाड लावलं, तेव्हा मुलगी शाळेत होती. ती लग्न होऊन गेली, ट्राम चालवता चालवता त्याची निवृत्ती आली. तेवढ्या काळात दगडफोडीची मुठीएवढी हिरवी उशी झाली होती.

यार्मिला मागेच रेंगाळली. त्याला काय दिसणार, हे तिला ठाऊक होतं.

हिरवी उशी मधोमध तपकिरी पडली होती. त्याने बोट लावलं. आत नुसता चिखल.

"ऊन फार होतं रे," ती म्हणाली. "शेजारच्यांचं सगळं करपलं. मी रोज कंबर धरून झारी आणायची. म्हटलं, तू येशील तेव्हा हिला काही झालेलं नको."

दगडफोडीचं मूळ दगडाखाली खोल जाऊन आपला गारवा शोधतं. भर उन्हाळ्यात डोक्यावर पाणी ओतलं, की ती कुजते. बोहूशने हे बायकोला कधी सांगितलं नव्हतं. हातच लावू दिला नव्हता.

तो दगडावर बसला आणि बोटाचा चिखल पुसू लागला.

"मीच मारली ना?" यार्मिलाने विचारलं.

"म्हातारी झाली होती."

"खोटं बोलू नकोस. जमत नाही तुला."

कडेला थोडं हिरवं उरलं होतं. त्याने चाकूने नखाएवढा एक झुबका कापला आणि वाळूच्या कुंडीत खोचला. झुबका आडवा पडला. त्याने परत खोचला.

"एवढ्याची उशी कधी होणार?" तिने विचारलं.

"आपल्याला काय करायचंय?" त्याने कुंडी सावलीत सरकवली. "याला अजून मूळ नाही. मूळ फुटेपर्यंत पाणी लागेल. रोज, थोडंसं."

"मी घालू?"

"मग काय, मी चढू रोज?"

कंबर धरून यार्मिला नळाकडे गेली. झारी अर्धी भरली आणि लांबूनच त्याला उचलून दाखवली.

त्याने त्यातलंही थोडं ओतून टाकायची खूण केली.