चौदाव्या कपाटातला खुळखुळा

खुळखुळा जागेवर नव्हता, आणि त्याच्या जागी भूतही नव्हतं.

भूत म्हणजे चिठ्ठी. वस्तू दुरुस्तीला किंवा प्रदर्शनाला बाहेर गेली, की तिच्या जागी गुलाबी पुठ्ठ्याची चिठ्ठी ठेवायची: काय नेलं, कुठे, कोणी, कधी. आमच्या म्युझियममध्ये तिला सगळे भूतच म्हणतात. वस्तूही नाही आणि भूतही नाही, याचा अर्थ एकच होतो, आणि तो शब्द आमच्यात कुणी मोठ्याने उच्चारत नाही.

चौदावं कपाट, तिसरा खण. पांढऱ्या कापडावर खुळखुळ्याच्या आकाराचा खड्डा तेवढा राहिला होता. चांदीची मूठ, टोकाला पोवळं. अडीचशे वर्षांपूर्वी कुणाच्या तरी तान्ह्याने हिरड्यांत धरून चावलेलं. पोवळ्यावर त्याच्या बारीक खुणा होत्या. माझी अपोलीन सात महिन्यांची आहे आणि दिसेल ते चावते, म्हणून त्या खुणा मला नीट आठवत होत्या.

दर दहा वर्षांनी आम्हाला म्युझियमची प्रत्येक वस्तू हातात घेऊन यादीशी ताडावी लागते. कायदाच आहे तसा. खरं तर हे दोघांचं काम: एकाने आकडा वाचायचा, दुसऱ्याने वस्तू बघून ‘पाहिलं’ म्हणायचं. पण माणसं कमी, म्हणून बाळंतपणाच्या रजेवरून परतल्यापासून मी एकटीच वाचत होते आणि एकटीच पाहत होते.

ही कपाटं जिथे आहेत त्या कोठीच्या चाव्या तिघांकडे. आमच्या संचालिका मादाम तेसिये, मी, आणि पहारेकरी मस्यू पेरोदां.

आणि मस्यू पेरोदां रोज सकाळी मला विचारायचे, “कुठवर आलीस, पोरी? चौदाव्याला हात लावलास का?”

आजवर मी हसून उत्तर द्यायचे. त्या दिवशी मात्र तो प्रश्न मी घोळवत राहिले. यांना नेमकं चौदाव्याचंच काय पडलंय?

संध्याकाळी पाच वाजता पाळणाघर बंद होतं, म्युझियम सहाला. मधला तास अपोलीन म्युझियममध्ये असते, आणि खरं सांगायचं तर ती मस्यू पेरोदांच्या मांडीवर असते. तिसऱ्या दालनातल्या खुर्चीत बसून ते कोटाचा खिसा हलवतात, आतून किणकिण होते, आणि दात येताना रडून रडून लाल झालेली माझी लेक गप्प होते. दोन महिने मी तो आवाज ऐकत होते. खिशात काय आहे, हे मला एकदाही विचारावंसं वाटलं नव्हतं.

त्या संध्याकाळी त्यांनी नेहमीसारखे हात पुढे केले.

“आण इकडे आमच्या राणीसाहेबांना.”

“नको, आज तिला सर्दी आहे,” मी म्हटलं.

त्यांचे हात थोडा वेळ तसेच राहिले. मग त्यांनी ते गुडघ्यांवर ठेवले. अपोलीन माझ्या खांद्यावरून त्यांच्याकडे झेपावत होती, आणि मी तिला घट्ट धरून ठेवलं होतं.

तिकीट खिडकीवरच्या मिरेयला मी नाव न घेता विचारलं, पण तिला नाव लागतच नाही.

“पेरोदां? अगं, सव्वीस वर्षं त्या खुर्चीत बसून माणूस नुसता बसतो होय? बेत करत असतो.”

“काहीतरीच तुझं.”

“बरं बाई, काहीतरीच. पण संध्याकाळी थिएटरात कोट सांभाळायला जातो ना? तिथे किती प्रकारची माणसं येतात. पुढच्या महिन्यात निवृत्त होतोय. नंतर कोण विचारणार आहे त्याला?”

तिला हे सगळं गंमत म्हणून सुचत होतं. मी मात्र एकेक शब्द घरी घेऊन गेले. अपोलीनला पाजताना, तिचे इवलेसे मोजे वाळत घालताना, मी त्यांच्या जुन्या गोष्टी आठवून आठवून उलट्या करून बघत होते. डिसेंबरात त्यांनी तिच्यासाठी लाकडी बदक आणलं होतं. का आणलं असेल? कोठीचा दिवा बदलायला ते स्वतःहून गेले होते. का गेले असतील?

शुक्रवारी मी मादाम तेसियेंना सांगितलं. पेरोदांचं नाव मी घेतलं नाही. एवढंच म्हटलं, “चाव्या तर तिघांकडेच आहेत.” ते नाव घेण्यापेक्षा वाईट होतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

मादामनी त्यांना बोलावून घेतलं. चोरीची तक्रार सोमवारी पोलिसांत जाणार होती, त्याआधी विचारलेलं बरं, म्हणाल्या.

“मस्यू पेरोदां, खिशात काय आहे ते दाखवता का?”

त्यांनी मादामकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं. मग खिसा टेबलावर रिकामा केला. पितळी बिल्ले होते, आकडे कोरलेले. थिएटरात कोट ठेवला की देतात ते.

“काळे पडतात,” ते म्हणाले. “इथे बसल्या बसल्या फडक्याने घासतो. चार-पाच जास्तच आणतो हल्ली. बाळाला आवाज आवडतो.”

त्यांनी पट्ट्यातून चाव्यांचा जुडगा सोडवला आणि बिल्ल्यांशेजारी ठेवला.

“अजून काय दाखवू? बूट काढू का?”

“मस्यू पेरोदां, तसं नाही...”

“तसंच आहे, मादाम.” ते गेले आणि तिसऱ्या दालनात आपल्या खुर्चीवर जाऊन बसले.

मी कोठीत परत आले. बिल्ले निघाले म्हणून खुळखुळा मिळाला होता असं नाही. पण आता माझा माझ्यावरही भरवसा उरला नव्हता. तिसऱ्या खणाखालचा चौथा खण मी उघडलाच नव्हता. मोजणी तिथेच थांबवली होती. चोर सापडला होता ना मला.

चौथ्या खणात बारशाच्या टोप्या होत्या. वरच्याच टोपीवर गुलाबी भूत.

‘खुळखुळा. नगर वाचनालय, तळघरातली तिजोरी. २४ ऑक्टोबर.’ खाली माझी सही. शेवटचं अक्षर घसरत कडेपर्यंत गेलेलं.

चोवीस ऑक्टोबर. वाचनालयात बालपणावर प्रदर्शन होणार होतं, त्याच्या वस्तू मी निवडत होते. सकाळपासून कंबर धरली होती. मी ती दुखणी अंगावर काढत खुळखुळा स्वतः घेऊन चौक ओलांडला असणार, आणि चिठ्ठी चुकीच्या खणात टाकली असणार. असणार, कारण मला त्यातलं काही आठवत नाही. वाचनालयाच्या पायऱ्या आठवतात, आणि मग थेट अपोलीनचा ओला, संतापलेला चेहरा. तीन आठवडे आधी आली ती. प्रदर्शन पुढे ढकललं गेलं आणि माझी यादी अर्धीच राहिली.

मी चिठ्ठी हातात घेऊन उभी राहिले. माझी नेमणूक जूनपर्यंतची. नवीन कागद मादामच्या टेबलावर सहीसाठी पडलेला होता. चौक ओलांडायचा, खुळखुळा आणायचा, खणात ठेवायचा आणि ‘सापडला’ म्हणायचं. पाच मिनिटांचं काम. कुठे सापडला, हे कुणी फार खोदून विचारलं नसतं.

मग मस्यू पेरोदांना मात्र आयुष्यभर वाटत राहिलं असतं, की आपण गेल्यावर म्युझियममध्ये आपल्याबद्दल काय बोलत असतील.

मी चिठ्ठी मादामच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती वाचली, चष्मा काढला, माझ्या नेमणुकीच्या कागदाला हात लावला नाही. चिठ्ठी आणि पेरोदांच्या चाव्यांचा जुडगा माझ्याकडे सरकवला.

“हे तू त्यांना नेऊन दे,” म्हणाल्या.

मस्यू पेरोदांनी चिठ्ठी लांब धरून वाचली.

“चोवीस तारीख,” ते म्हणाले. “तुझी पिशवी मीच गाडीपर्यंत आणली होती त्या दिवशी. खडूसारखी पांढरी पडली होतीस.”

“माझं चुकलं. मला माफ करा.”

“चिठ्ठीचं मरू दे. चिठ्ठ्या सगळ्यांच्याच चुकतात. मला विचारायचंस. दहा पावलांवर बसतो मी.”

“तुम्ही रोज चौदाव्याबद्दल विचारायचात, म्हणून...”

“अगं, मागची मोजणी जुन्या संचालकांबरोबर मी केली. ते वाचायचे, मी पाहायचो. चौदाव्यापाशी आलो आणि त्यांना निवृत्त केलं. पुढचं राहूनच गेलं माझ्याकडून. वाटलं, जाण्याआधी ही पोरगी हाक मारेल. स्वतःहून कसं म्हणायचं, मला घे म्हणून?”

मी चाव्या पुढे केल्या. त्यांनी घेतल्या नाहीत.

“त्या राहू देत तुझ्याकडे. मला आता त्या नकोत.” ते खुर्चीतून सावकाश उठले. “कपाट तू उघड. आकडाही तूच वाच. मोठ्याने वाच, मला कमी ऐकू येतं.”

मी चौदाव्या कपाटाचा चौथा खण उघडला आणि पहिला आकडा वाचला. त्यांनी कानामागे हात धरला, म्हणून पुन्हा मोठ्याने वाचला. त्यांनी वाकून टोपी दोन्ही हातांत उचलली, उजेडाकडे फिरवली, खूप वेळ तिच्याकडे बघत राहिले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “पाहिलं.”