डझनावरचा मावळा

मित्रांनो, दिवाळीच्या किल्ल्यावर भाला घेऊन उभे असलेले मावळे तुम्ही पुष्कळ पाहिले असतील. मी त्यांच्यातलाच एक. मातीचा, जुना, आणि हुद्दा विचाराल तर राखीव. म्हणजे लढाईचं बोलावणं नाही आणि घरी जायची रजाही नाही! हा हुद्दा मी मागितला नव्हता, तो माझ्या गळ्यात पडला.

माझा जन्म लालबागच्या एका गणपतीच्या कारखान्यात झाला. बाप्पा आपापल्या मंडपांत रवाना झाले की उरलेल्या शाडूच्या मातीतून सुभद्राबाई साच्याने मावळे काढायच्या. मला साच्यातून काढतानाच त्यांना शिंक आली आणि माझ्या पायाखालची बैठक तिरकी झाली. "लढणार कसा रे तू?" म्हणून त्या हसल्या, पण त्यांनी मला टाकून दिलं नाही. लाल मुंडासं रंगवलं. मिशी तर इतरांपेक्षा अंमळ मोठीच काढली. परळच्या चाळीतला कुशाबा आपल्या उत्तमसाठी डझनभर मावळे न्यायला आला, तेव्हा त्यांनी डझनावर मला फुकट वर घातलं.

उत्तम तेव्हा सात वर्षांचा होता, पण गडावर हुकूम त्याचाच. मला बुरुजावर ठेवलं की मी मागे कलंडायचो. तिसऱ्यांदा कलंडलो तेव्हा त्याने निकाल दिला, "हा राखीव. कोण फुटला तर काढू."

झालं! माझी रवानगी बिस्किटांच्या डब्यात झाली आणि डब्याची पोटमाळ्यावर. तीन दिवाळ्या मी फटाके नुसते ऐकले.

डब्यात अंधार होता, त्याचं मला फारसं काही वाटायचं नाही. दुखणं वेगळंच होतं. आपली पाळी यायची तर दुसरा कोणी तरी फुटावा लागतो. ते बारा जण माझे सख्खे भाऊ, एकाच साच्यातले. मग देवाजवळ मागायचं तरी काय?

हे दुखणं आमच्या घरात आणखी एकालाच ठाऊक होतं, ते म्हणजे कुशाबाला. तो कापडगिरणीत बदली कामगार होता. रोज सकाळी डबा घेऊन गेटवर उभं राहायचं. कायम कामगारांपैकी कोणी आला नाही, तर त्याच्या मागांवर त्या दिवसापुरतं काम. सगळे आले, तर भरलेला डबा घेऊन घरी परत. अकरा वर्षं हेच चाललं होतं. बहुतेक वेळा त्याला शेजारच्या खोलीतल्या दौलतचे माग मिळायचे. दौलत तापाने पडला की कुशाबाची बायको कमल त्याला गवती चहाचा काढा नेऊन द्यायची. कुशाबा दारातूनच म्हणायचा, "लवकर बरा हो रे." म्हणायचा अगदी मनापासून, पण म्हणताना त्याचं त्यालाच ओशाळल्यासारखं व्हायचं.

मग ब्याऐंशी साली संप झाला. कायम काय आणि बदली काय, सगळे एका रांगेत घरी बसले. दिवाळी आली ती बोनसशिवाय. नवे मावळे आणायचं कोणी नाव काढलं नाही. पण माणसं मात्र मोकळी होती. पाळ्या करता करता ज्यांनी कधी किल्ला धड पाहिलाही नव्हता, ते मिशीवाले बाप्ये पोरांना बाजूला सारून चौकातल्या चिखलात उतरले. दरवाजा पूर्वेला हवा की पश्चिमेला, यावर दोन दिवस भांडण चाललं. कमल म्हणाली, "संप परवडला, पण ह्यांचा किल्ला नको!"

किल्ला कमरेएवढा झाला. उतारावर अळीव उगवले. दौलतने तर सलाईनच्या नळीचं कारंजं बसवलं.

धनत्रयोदशीला गिरणीच्या मुकादमाचा माणूस शिवा आमच्या खोलीत आला. बोलणं पोटमाळ्याखालीच झालं, म्हणून मी शब्दन् शब्द ऐकला.

"गिरणी थोडी थोडी चालू करतायत," शिवा म्हणाला. "भाऊबीज झाली की ये. दौलतचे माग कायमचे तुझ्या नावावर. उत्तर उद्या सकाळी घ्यायला येतो."

तो गेल्यावर कुशाबाने दार लोटलं. मग म्हणाला, "अकरा वर्षं वाट बघितली, कमल."

"घरातलं पीठ तुमालाबी दिसतंय," कमल म्हणाली. "पण दौलतभावजींना तोंड तुमालाच दाखवायचंय. तुमीच ठरवा."

दुसऱ्या दिवशी नरकचतुर्दशी. दौलतला सगळ्यांना चकित करायचं होतं. त्याने कारंज्याची नळी थेट चाळीच्या नळाला जोडली आणि तोटी उघडी ठेवली. पाणी आलं की कारंजं आपोआप उडेल, असा बेत. पाण्याला अजून अवकाश होता, म्हणून स्वारी अंगाला तेल चोळत बसली. पण सणाचं पाणी त्या दिवशी लवकर आलं, आणि आलं ते धो धो. शाडूची न भाजलेली माती ती, तिला पाणी म्हणजे विसर्जनच! बारा मावळे बाराच्या भावात गेले. किल्ला आतून दगडविटांचा आणि सिंहासनावरचे महाराज प्लास्टरचे, म्हणून तेवढे राहिले.

उत्तमने भोकाड पसरलं. दौलत पंचा नेसून, तेलाने चकाकत उभा होता. "अख्खं सैन्य बुडवलं मेल्यानं मी," तो म्हणाला आणि कपाळावर हात मारून घेतला. ते ध्यान पाहून आधी कुशाबाला हसू फुटलं, मग सगळ्या चाळीला.

उत्तमने डोळे पुसले आणि तो ओरडला, "बाबा, राखीव हाय की!"

अशी माझी पाळी आली. तीन वर्षं जिची वाट पाहिली ती वेळ आली, आणि खरं सांगतो मित्रांनो, मला आनंद झाला नाही. माझे भाऊ उभे होते तिथे नुसता चिखल होता. कुशाबाने माझ्या तिरक्या बैठकीखाली सोड्याच्या बाटलीचं झाकण सरकवलं आणि मी ताठ उभा राहिलो. एवढंसं झाकण! ते कोणाला आधी सुचलं नव्हतं. त्याने मला मोठ्या दरवाजावर ठेवलं.

तेवढ्यात शिवा आला. "काय ठरलं?"

कुशाबाने माझ्याकडे बोट दाखवलं. मग म्हणाला, "राखीव गडी रिकाम्या जागेवर उभा राहतो, शिवा. ही जागा रिकामी झाली, म्हणून ह्याला उभा केला. दौलतची जागा रिकामी नाय. तो बघ, अजून तेल पुसतोय."

"परत विचारायला येणार नाय हां मी."

"नको येऊ. फराळाला ये."

दौलतने सगळं ऐकलं. त्याने जोरात नाक शिंकरलं आणि तो अंघोळीला निघून गेला. दुपारी मात्र किल्ल्याच्या पायथ्याशी साचलेली तीच माती गोळा करून तो मावळे वळायला बसला. बटाट्यासारखी डोकी, काडेपेटीच्या काड्यांचे भाले! संध्याकाळपर्यंत बाराच्या बारा बुरुजांवर चढले. इतकी बावळट आणि इतकी गोड पलटण मी जन्मात पाहिली नव्हती.

उत्तमने मला उचलायला हात पुढे केला. "आता राखीव परत डब्यात ना?"

"हात नको लावू," कुशाबा म्हणाला. "तो कायम झाला."

हे ऐकून कमल हसली आणि हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला.

संप चिघळतच गेला. गिरणीने कुशाबाला कधी कायम केलं नाही आणि दौलतलाही परत बोलावलं नाही. पुढे दोघांनी मिळून जिन्याखाली स्टो आणि कुकर दुरुस्तीचं दुकान टाकलं. दिवसभर भांडायचे आणि एकाच डब्यात जेवायचे. माझा रंग उडाला, मिशी पुसट झाली, पण दर दिवाळीला मोठा दरवाजा माझाच.

मित्रांनो, तुमच्या खेळात, वर्गात, घरातसुद्धा कोणी तरी राखीव म्हणून बसलेला असेल. त्याला जपा. तो कलंडत असेल तर त्याच्या पायाखाली काय सरकवता येईल ते बघा, आणि त्याला उभं करा. मात्र त्यासाठी दुसरा कोणी फुटायची वाट पाहू नका.