नोकरीत असलेली सत्यवती

"सत्यवती रामा परब नोकरीतच आहेत. सहा वर्षं झाली," शाळाखात्याच्या कचेरीतल्या कारकुनाने वहीतून मान वर न करता सांगितलं.

"त्या मी नव्हे. सत्यवती मी आहे."

आता त्याने पाहिलं. कपाळ मोकळं, हातात अर्ज. पण परीक्षेचं साल तेच होतं, आसन क्रमांकही तोच. खारेपाटणकडच्या एका शाळेत त्या बाई शिकवत होत्या.

त्रेपन्न साली गावातून सातवीची फायनल पास झालेली सत्यवती ही पहिली मुलगी. लग्न ठरलं तेव्हा गंगारामकाका दाखला चौकटीत बसवायला म्हणून कुडाळला घेऊन गेला आणि महिन्याने म्हणाला, "त्येका वाळय लागली गो." दाखला वाळवीने खाल्ला यावर तिने विश्वास ठेवला. वडील वारल्यावर काकाच त्यांच्या जागी होता. आता बासष्ट साल उजाडलं. नवरा तापाने गेला, सासरी पेजेलाही दुसऱ्याच्या तोंडाकडे बघावं लागू लागलं, म्हणून ती शिक्षिकेच्या जागेसाठी अर्ज घेऊन आली होती.

दुसऱ्या दिवशी एसटीने ती त्या शाळेत गेली. व्हरांड्यात पोरं ओरडली, "सत्यवतीबाई इली!" तिने वळून पाहिलं. काकाची मुलगी विमला येत होती, फायनलला दोनदा नापास झालेली.

विमलाने तिला हाताला धरून विहिरीकडे नेलं. "बाबांनी दिल्यानी दाखलो. 'सत्येचा लगीन झाला, तिका कित्याक व्हयो,' म्हणाले."

"आणि तू घेतलंस."

"घोव अंथरुणार आसा. दोन पोरां आसत. तू बोललंस तर मी खंय जाव?"

सत्यवतीने हात सोडवून घेतला. घरी येऊन तिने स्वतःच्या वळणदार अक्षरात तक्रार लिहिली.

चौकशीला कचेरीतले साहेब तिच्या माहेरच्या गावात आले. काका पोलीस पाटील. चावडीत कोणी तोंड उघडेना. तिला शिकवणारे मास्तर कधीच वारले होते. सत्यवतीकडे बोट दाखवून काका साहेबांशी अगदी शुद्ध बोलला. "ही माझी मुलगी विमला, साहेब. नवरा गेल्यापासून हिचं डोकं ठिकाणावर नाही."

साहेबांनी तिच्या सासूला, काशीबाईला विचारलं. म्हातारी खोटं बोलली असं म्हणता येत नाही.

"आमी लग्नात तिका शुभदा नाव ठेवलां. म्हायेरचा काय होता, ता माका याद नाय. कन्यादान ह्येंनीच केल्यानी," तिने काकाकडे बोट दाखवलं.

साहेबांनी कागदावर लिहिलं, अर्जदार विमला. तक्रार निकालात निघाली.

पावसाळा संपल्यावर ती काजूच्या कारखान्यात लागली. पहिल्या दिवशी मुकादमाने हजेरीपट आणि शाईची गादी पुढे सरकवली.

"आंगठो लाव."

"लिहायला टाक द्या."

पटावर शुभदा लिहिलेलं होतं. ते तिने खोडलं आणि वर बापाच्या नावासकट पूर्ण नाव लिहिलं, एकेक अक्षर सुटं. मागे बायकांची रांग खोळंबली होती. मुकादम पट मिटायला लागला तसा तिने पानावर तळहात आडवा धरला.

"शाई सुकांदे," ती म्हणाली.