काळी कोंबडी आणि रिकामा पिंजरा

१९७९ सालच्या ऑक्टोबरात, आलूबुखाराची पानं झडून गेल्यावर, पिंतिलिये म्हाताऱ्यानं वाळुंजाच्या फोकांनी मला विणलं. मी पिंजरा. खुराड्यातला नव्हे. खुराड्यापासून लांब, डुकरांच्या खोपटापलीकडे एकटा ठेवलेला.

माझं काम एकच. बाजारातून आणलेली कोंबडी आधी महिनाभर माझ्यात राहायची. तिचं पाणी वेगळं, दाण्याचं भांडं वेगळं. पिंतिलियेची बायको झाम्फिरा आधी घरच्या कोंबड्यांना मका टाकी, माझ्याकडे सगळ्यात शेवटी येई, आणि परतताना खडावा राखेत घासून मगच घरात शिरे. पिंतिलिये गेल्यावरही तिनं हा नेम मोडला नाही. तिचं घर कोंबड्यांवरच चाले. ‘झाम्फिराकडची कोंबडी’ म्हटलं की आर्जेश नदीकाठच्या आमच्या गावात कुणी तपासून घेत नसे.

तिची स्वतःची तपासणी मात्र कडक. तुरा बघे, पंखाखालची पिसं फुंकर मारून उलटवी, चोच उघडून वास घेई. बाजारात एकदा विकणारा वैतागला.

“बाई, कोंबडी घेताय की सून बघताय?”

“सुनेला एवढं बघितलं असतं, तर लेक बुखारेस्टला पळाला नसता.”

कुंपणापलीकडे विकेंतिये राहायचा. पिंतिलियेचा जुना दोस्त. येता-जाता चिडवायचा.

“वहिनी, तुरुंगात आज कोण?”

“जागा आहे. येता का, भाऊजी?”

त्याची बायको आंगेलिना आतून खो-खो हसायची. तिची आणि झाम्फिराची लहानपणापासूनची मैत्री.

१९९१च्या फेब्रुवारीत आंगेलिना वारली. आमच्याकडे रीत आहे. पुरण्याआधी थडग्याच्या खड्ड्यावरून एक जिवंत काळी कोंबडी पलीकडे उभ्या माणसाच्या हातात द्यायची. ती मेलेल्याच्या पुढे जाते, वाटेवरचे काटे पायानं उकरून बाजूला सारते. विकेंतियेनं ती घाईत, रस्त्यानं जाणाऱ्या एका गाडीवाल्याकडून घेतली. बघितलीही नाही. आंगेलिनाला शेवटची आंघोळ झाम्फिरानं घातली होती, म्हणून कोंबडी तिच्याच हातात आली.

ती घेऊन झाम्फिरा माझ्यासमोर उभी राहिली. दार उघडलं. कोंबडीचे डोळे जड होते, श्वासात घरघर होती. झाम्फिराचे डोळे रडून सुजले होते. तिला किती दिसलं, मला ठाऊक नाही.

“हिला कोंडलं तर आंगेलिनाची वाट कोंडल्यासारखं होईल,” ती पुटपुटली.

तिनं दार लावलं. कोंबडी नेऊन घरच्या कोंबड्यांत सोडली. मी रिकामा राहिलो.

थोड्याच दिवसांत मानमोडी आली. कोंबड्यांच्या माना पिळवटल्या. काही एका जागी गोल गोल फिरत राहिल्या, काही पाय ओढत भिंतीकडेला गेल्या आणि तिथंच पडल्या. विहिरीपर्यंत झाम्फिराच्या मागे जाणारी तांबडी सगळ्यात शेवटी गेली. झाम्फिरानं सगळ्या एका खड्ड्यात पुरल्या, वर चुना टाकला. पहाटे परसात काही आवाज येईनासा झाला.

विकेंतिये कुंपणाशी आला.

“वहिनी, मी दिलेल्या कोंबडीनंच ना?”

ती चुन्याचं रिकामं घमेलं झटकत राहिली.

“शिव्या तरी द्या.”

“कुणाला देऊ? आंगेलिनाला?”

ती आत गेली. त्यानंतर कुंपणावरून हाक ऐकू आली नाही, ना इकडून ना तिकडून.

उन्हाळा लागला तेव्हा तो पुन्हा आला. टोपी हातात होती.

“पिंजरा द्या.”

“कशाला?”

“कोंबडी ठेवायचीय. तुम्ही ठेवता तशी.”

तिनं मला उकळत्या पाण्यानं धुतलं आणि कुंपणावरून दिलं.

तेव्हापासून मी त्याच्या परसात आहे. म्हातारा बाजारातून एका वेळी एकच कोंबडी आणतो. पंखाखाली फुंकर मारतो, वास घेतो. त्याला खोकला आहे, वाकताना गुडघे वाजतात. तरी खडावा राखेत घासायला विसरत नाही. एकदा महिना संपता संपता एक कोंबडी घरघरू लागली. त्यानं ती लांब नेऊन पुरली, मला धुऊन उन्हात ठेवलं, आणि पुन्हा बाजाराची वाट धरली. निरोगी निघालेली कोंबडी तो कुंपणावरून पुढे करी. झाम्फिरा घेई. दोघं एक शब्द बोलत नसत.

हिवाळ्यामागून हिवाळे गेले. माझे फोक कुजलेत, एक बाजू तारेनं बांधलीय. माझी कीव नको. बाहेरून आलेला जीव कुणाच्याही नावानं आलेला असो, आधी वेगळा ठेवा. तेवढं केलंत तर पुरे.

आज सकाळी म्हाताऱ्यानं माझ्यातून एक पांढरी तलंग काढली आणि कुंपणाशी गेला.

“ही शेवटची. मानमोडीत जेवढ्या गेल्या तेवढ्या देऊन झाल्या.”

“झाल्या, भाऊजी,” झाम्फिरा म्हणाली, आणि तिनं कोंबडी घेतली.