लहान कप्पा

"हा घ्या. स्वस्त आहे आणि दिसायलाही झकास," असं म्हणून मालकाने निळ्या पेटीवर थाप मारली.

"तो गार करत नाही," ड्रायव्हरबाई म्हणाली.

"अहो, फ्रीज आहे तो. गार नाही करणार तर काय गरम करणार?"

दुकानदार हसला, मालकही स्वतःच्याच विनोदावर हसला. ड्रायव्हरबाई हसली नाही. तिने दुकानदाराला विचारलं, "बाहेर चाळीस अंश असेल तर आत किती होईल?"

दुकानदाराने घसा साफ केला. "तसं बाहेरच्यापेक्षा वीसेक अंश कमी धरा."

"म्हणजे कोंबडी सावलीत ठेवल्यासारखंच की."

मालकाच्या दोन मिनीबस होत्या. शहरातली माणसं भरायची, तलावाकाठी न्यायची, दोन रात्री तंबूत झोपवायची आणि परत आणून सोडायची, असा धंदा. थोरली गाडी ड्रायव्हरबाईकडे होती. आजवर थर्मोकोलच्या पेटीत बर्फ भरून नेत असत. दुसऱ्या दिवशी त्याचं पाणी व्हायचं आणि त्यात लोण्याची पाकिटं, बाटल्या आणि कोंबडीच्या पिशव्या एकत्र पोहायच्या. पाहुण्यांच्या तक्रारी वाढल्या, तेव्हा कुठे मालकाला जाग आली. गाडी हिच्या हातातली, तिची बॅटरी हिला माहीत, म्हणून निवडायला हिलाच सोबत आणलं होतं.

तिने कोपऱ्यातला करडा फ्रीज दाखवायला सांगितला. कंप्रेसरवाला होता. गाडी चढावर तिरकी झाली तरी चालणारा. बॅटरी उतरायला लागली की आपोआप बंद पडणारा, म्हणजे सकाळी गाडी ढकलायची वेळ येणार नाही. आणि मुख्य म्हणजे त्याला दोन कप्पे होते, एक मोठा आणि शेजारी एक लहान, दोन्हींना वेगवेगळी झाकणं. ड्रायव्हरबाईने लहान कप्प्याचं झाकण उघडून आत हाताची वीत टेकवून पाहिली. उभ्या बाटल्या आरामात मावल्या असत्या.

तिची लेक पाच महिन्यांची होती. बाळंतपणानंतर मालकाने तीन महिने वाट पाहिली आणि मग निरोप धाडला की येत असाल तर या, नाहीतर दुसरा माणूस ठेवतो. ती आली. लेकीला डब्याचं दूध सुरू केलं, तर अंगभर पुरळ उठलं आणि शीमध्ये रक्त दिसलं. गाईचंही नको आणि डब्याचंही नको, सध्या आईचंच, असं डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं. तेव्हापासून ड्रायव्हरबाई टूरवर असली की केबिनचा पडदा ओढून हाताच्या पंपाने दूध काढायची, बाटलीत भरून बर्फात खोचायची आणि घरी पोचेपर्यंत तिचा जीव टांगणीला असायचा. दोनदा ते नासलं होतं. घरी सासू आधीच्या साठवणीतलं जपून जपून पाजायची.

"साहेब," ती म्हणाली, "हा घेतला तर लहान कप्प्यात माझ्या बाटल्या ठेवीन. लेकीच्या दुधाच्या. चालेल ना?"

मालक फोनवर कुणाला तरी तंबूंचा भाव सांगत होता. फोनवर हात ठेवून तो म्हणाला, "अहो ठेवा की. विचारता काय त्यात!"

करडा फ्रीज आला.

पहिल्या टूरला सगळं नीट झालं. ती घरी पोचली तेव्हा बाटल्या हाताला गार लागत होत्या. सासूने त्या गालाला लावून पाहिल्या आणि म्हणाली, "गुणाचं आहे गं तुझं यंत्र." त्या आठवड्यात लेकीचं वजन वाढलं.

दुसऱ्या टूरला एका कचेरीतली मंडळी होती. बायका, पुरुष, सगळे साहेबी थाटाचे, पण तसे वागायला बरे. पहिल्या दिवशी संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ड्रायव्हरबाईने दूध काढलं, बाटल्या लहान कप्प्यात ठेवल्या. दुपारी पाण्याची टाकी भरून आणायला ती गाडी घेऊन गावात गेली. फ्रीज तंबूंपाशीच ठेवला होता, जनरेटरवर लावून, कारण पाहुण्यांना थंड पेयं हवी होती.

परत आली तेव्हा स्वयंपाकाच्या टेबलावर तिच्या बाटल्या उपड्या मांडलेल्या दिसल्या. स्वच्छ धुतलेल्या. एकीच्या तोंडाशी अजून पाण्याचा थेंब लोंबत होता.

क्षणभर तिला काही कळेचना. मग तिने लहान कप्प्याचं झाकण उघडलं. आत बियरच्या बाटल्या आडव्या घातल्या होत्या.

"कुणी केलं हे?"

आचारी कांदा चिरत होता. सगळे त्याला मामा म्हणत. त्याने मान वर केली नाही.

"मामा, मी तुम्हाला विचारतेय. माझं दूध कुणी ओतलं?"

"मला मॅनेजर म्हणाले, ओत. मी ओतलं. बाटल्या धुऊन ठेवल्या ना नीट."

टूर मॅनेजर, एक तरतरीत माणूस, धावतच आला. "ताई, ताई, जरा इकडे या, बाजूला बोलू."

"बाजूला कशाला? इथेच बोला."

"अहो, पाहुण्यांनी बर्फासाठी झाकण उघडलं. एका मॅडमनी विचारलं, हे कसलं दूध? मामा सांगून बसले. मग त्यांना कसंतरी झालं. खाण्यापिण्याच्या वस्तूंत असलं काही नको म्हणाल्या. मी साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, काढून टाका. माझा काय दोष?"

"काढून टाका म्हणाले. ओतून टाका म्हणाले का?"

मॅनेजर हातातला फोन उलटसुलट करायला लागला.

"मला फोन करता येत नव्हता? मी गावातच होते. बादलीत गार पाणी घालून ठेवलं असतं, ओल्या फडक्यात गुंडाळलं असतं. माझं मी बघितलं असतं. पण तुम्ही ओतलंत."

आवाज चढला तसे तंबूंतून लोक बाहेर आले. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि एकदा गेल्यावर ती उतरेना. तिने मोठ्या कप्प्याचं झाकण फाडकन उघडलं.

"हे बघा! ही कोंबडी. मेलेली, कापलेली, रक्ताच्या पाण्यात पडलीय. ही चालते. हे पिशवीतलं दूध, कुठल्या गाईचं, कुणी कुठल्या हातांनी काढलंय, देव जाणे. चहाला चालतं. तुम्ही सगळ्यांनी सकाळी प्यायलाय तो चहा. आणि माणसाच्या लेकरासाठी माणसाने काढलेलं दूध पाहून तुम्हाला कसंतरी होतं?"

ज्या मॅडमना कसंतरी झालं होतं त्या बहुधा गर्दीतच होत्या. कोण ते ड्रायव्हरबाईला कधीच कळलं नाही. हातात ग्लास असलेला एक गृहस्थ समजुतीच्या सुरात म्हणाला, "हे बघा ताई, आम्हाला कल्पना नव्हती. पण आम्ही सुट्टीला आलोय हो. मूड जातो सगळ्यांचा."

"मूड," ती म्हणाली. या लोकांसमोर तिला रडायचं नव्हतं. ती गाडीत जाऊन बसली, पडदा ओढला, आणि पुन्हा पंप लावला. थेंबभर आलं. पुढे काही येईना.

दुसऱ्या दिवशी तिने गाडी नेहमीसारखीच नीट चालवली. एकही धक्का बसू दिला नाही. उतरताना दोघातिघांनी तिच्या हातात बक्षिसी ठेवायचा प्रयत्न केला. तिने हात मागेच ठेवले.

घरी सासूने तिच्या पिशवीत हात घातला, रिकाम्या बाटल्या बाहेर काढल्या आणि सुनेच्या तोंडाकडे पाहिलं. साठवण संपत आली होती. सासूने काही न विचारता लेक तिच्या मांडीवर दिली. लेक अधाशासारखी प्यायली, मग ओढून ओढून रडायला लागली, कारण पुरेसं येत नव्हतं. तिला थोपटता थोपटता ड्रायव्हरबाईने तलावाकाठचं सगळं सांगितलं.

"राग सोड गं बाई," सासू पाठीवरून हात फिरवत म्हणाली. "डोक्यात राग ठेवलास की दूध आटतं."

"म्हणजे ओतायचं त्यांनी आणि राग पण मीच गिळायचा? आई, तुम्ही तरी असं बोलू नका."

"मी काय त्यांच्या बाजूने बोलतेय का?" सासू हळूच म्हणाली. "तुझ्या जागी मी असते तर तो फ्रीज उचलून तळ्यात फेकला असता."

"माझी पण तीच इच्छा होती. पण निवडला मी होता ना! चांगला फ्रीज आहे तो."

सकाळी ती मालकाच्या कचेरीत गेली. मालकाने खुर्ची दाखवली, चहा सांगितला. म्हणजे त्याला सगळं माहीत होतं.

"बाई, जे झालं ते झालं. आता शांत डोक्याने घ्या. तुम्ही पाहुण्यांवर ओरडलात, हे काही बरं नाही झालं."

"तुम्ही मला शब्द दिला होता. दुकानात. लहान कप्पा माझा."

"मी? मी असं कधी म्हणालो?"

"ठेवा की, विचारता काय त्यात, असं म्हणालात."

"अहो, बोलण्याच्या ओघात माणूस काहीही म्हणतो. पाहुण्यांचा फ्रीज तो. तुम्हीच विचार करा." मग आवाज खाली आणून, जणू फार मोठे उपकार करतोय अशा थाटात तो म्हणाला, "एक करू. तुम्हाला शाळेच्या फेऱ्या देतो. सकाळ-दुपार. पगार थोडा कमी बसेल, पण मूल होईल सांभाळून. बाईमाणसाला तेच बरं."

घाटाची गाडी चालवायला ती सात वर्षांत शिकली होती. धुक्यात, पावसात, उलट्या करणाऱ्या पाहुण्यांसह. मालकाकडे त्या रस्त्यावर गाडी नेणारा दुसरा माणूस नव्हता, आणि पुढचे दोन महिने एकही शनिवार रिकामा नव्हता. हे दोघांनाही ठाऊक होतं. चहा आला. ड्रायव्हरबाईने कपाला हात लावला नाही.

"शाळेच्या फेऱ्या नकोत. माझा फ्रीज मी आणते. माझ्या सीटशेजारी राहील. ड्रायव्हरकडच्या सॉकेटला लागेल. पाहुण्यांच्या डोळ्यांनाही दिसणार नाही."

"आणि उद्या बॅटरी बसली म्हणजे?"

"बसेल तेव्हा माझा पगार कापा."

"अशी परवानगी मी एकाला दिली की उद्या प्रत्येकजण..."

तिने गाडीची किल्ली खिशातून काढली आणि टेबलावर चहाच्या कपाशेजारी ठेवली. आपटली नाही, नुसती ठेवली.

मालक किल्लीकडे पाहत राहिला. भिंतीवरच्या तक्त्याकडे त्याची नजर गेली, शनिवारांच्या लाल खुणांवरून फिरली आणि परत आली. मग त्याने एका बोटाने किल्ली तिच्याकडे सरकवली आणि फोन उचलून कुणाशी तरी उगाच मोठ्याने बोलायला लागला. चुकलो म्हणाला नाही. तिने वाटही पाहिली नाही.

दुकानदाराने तिला ओळखलं. "काय हो, त्या फ्रीजचं काही बिघडलं का?"

"फ्रीजचं नाही बिघडलं. मला लहान हवाय, एकाच कप्प्याचा. पण कंप्रेसरवालाच."

"कशासाठी पाहिजे? इन्सुलिन वगैरे? त्याच्यासाठी वेगळे येतात."

दुकानात दोन-तीन गिऱ्हाइकं होती. एरवी ती अशा वेळी आवाज खाली आणायची. आज मुद्दाम चढवला.

"माझं दूध ठेवायला. मी गाडी चालवते आणि माझी लेक घरी असते."

दुकानदार गोंधळला, कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला आणि "हो, हो, बरोबर," असं पुटपुटत त्याने वरच्या फळीवरून एक पेटी उतरवली. ड्रायव्हरबाईने पिशवीतून स्वतःच्या बाटल्या काढल्या आणि काउंटरवर सगळ्यांसमोर एकेक करून आत उभ्या करून पाहिल्या. झाकण लागलं. हप्त्याचा कागद तिने तिथेच सही करून दिला.

पेटी केबिनमध्ये सीटशेजारी बसली, पट्ट्याने घट्ट बांधलेली. मामाने पहिल्या दिवशी डोकावून पाहिलं, "छान आहे," म्हणाला, त्याला आणखी काहीतरी बोलायचं होतं पण तिने स्टेअरिंग पुसायला घेतलं तेव्हा तो निघून गेला. त्याच्याशी ती कामापुरतं बोलत राहिली. माफ मात्र केलं नाही. करावंसं तिला वाटलंच नाही.

दूध मात्र पूर्वीसारखं भरलं नाही. जितकं यायचं त्याच्या निम्मंच यायला लागलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असं होतं कधीकधी, जमेल तेवढं देत राहा, पुरळ न उठणारं महागडं औषधी दूध वर द्या. ती जमेल तेवढं काढत राहिली.

त्यानंतरच्या एका टूरला भर उन्हात मॅनेजर केबिनच्या दाराशी आला. हातात पुठ्ठ्याचं खोकं होतं. कुणा पाहुण्याच्या बायकोचा वाढदिवस होता, क्रीमचा केक आणला होता आणि मोठ्या फ्रीजमध्ये तिळाएवढी जागा उरली नव्हती.

"ताई, तुमच्या फ्रीजमध्ये जागा आहे ना? मामा म्हणाले, अर्धा रिकामाच असतो."

"आहे," ती म्हणाली.

"मग ठेवतो. संध्याकाळी लगेच काढून घेईन."

"नाही."

"अहो, क्रीम वितळेल. आणि जागा रिकामीच आहे ना नुसती?"

"ती रिकामीच राहील."

मॅनेजर खोकं दोन्ही हातांनी सावरत सावलीकडे निघून गेला.

ड्रायव्हरबाईने झाकण उघडलं. गार हवा मनगटावर आली. एका कोपऱ्यात दोन बाटल्या होत्या, एक अर्धी, दुसरी जेमतेम तळ झाकेल एवढीच भरलेली. ती थोडी कलली होती. तिने ती सरळ केली, झाकण लावलं, पट्टा ओढून घट्ट केला आणि गाडी सुरू केली.