फक्त देवाला सांगेन

बाईंची प्रार्थना कमीत कमी अकरा मिनिटांची. मुलींनी घड्याळ लावून बघितलं होतं. मिटल्या डोळ्यांनी घड्याळ कसं बघतात, ते विचारू नये. त्या घरातल्या चौदा मुलींपैकी प्रार्थनेत डोळे पूर्ण मिटणारी एकच होती, आणि ती तोवर झोपलेली असायची.

घर चर्चच्या मंडळीनं चालवलेलं, कोर्टाकडून आलेल्या मुलींसाठी. घरातून पळालेल्या, हातचलाखी केलेल्या, कुणाचं तरी डोकं फोडलेल्या. सहाला उठायचं, शास्त्रपाठ, मग शाळा, शिवण, धुणं, बाग, आणि दिवस संपायच्या आत पुन्हा प्रार्थना. बाई तिथल्या अधीक्षिका. बुटक्या, रुंद, कमरेला चाव्यांचा जुडगा, आणि मनानं इतक्या मऊ की चोरलेली साबणाची वडी परत करायला आलेल्या मुलीला ती वडी देऊन वर दुसरी द्यायच्या. खोट म्हणाल तर एकच. त्यांच्या पोटात काही राहायचं नाही. हे त्यांना कुणी तोंडावर म्हटलं असतं तर त्या खरोखर दुखावल्या असत्या, कारण चहाडी त्यांनी जन्मात केली नव्हती. जे काही सांगायचं ते त्या देवाला सांगत. मोठ्यानं, सगळ्यांच्या देखत.

त्यातही त्यांचा एक नियम होता. नाव घ्यायचं नाही. "प्रभू, तुझं एक लेकरू आहे, खिडकीपाशी झोपतं, त्याच्या गादीखाली परवा तीन सिगारेटी निघाल्या, त्याला बळ दे." खिडकीपाशी खाट एकच. पण नाव घेतलं नव्हतं ना, मग बाईंच्या मनाला टोचणी नसायची.

मुलींनी याचा खेळ केला होता. प्रार्थना कुणाबद्दल आहे हे जी सर्वांत आधी ओळखेल, तिला हरणाऱ्यांनी रविवारच्या चहाबरोबरची दोन दोन बिस्किटं द्यायची. निकाल रेडिओ द्यायची. ही एक सडपातळ, बडबडी पोरगी, रेडिओ हे नाव तिला पहिल्याच दिवशी पडलेलं.

"नुकत्याच आजारातून उठलेल्या लेकराला, असं म्हणाल्या ना? आजारी एकटी तूच होतीस. काढ बिस्किटं."

"आजार म्हणजे पापाचा असेल गं."

"पापाचा धरला तर चौदाच्या चौदा येतात. त्यावर पैज कशी लावायची?"

आठ महिन्यांत बाईंच्या प्रार्थनेत एकदाही जिचा नंबर लागला नाही, अशी एकच मुलगी होती. तिला सगळ्या कुलूप म्हणत.

कुलूप सोळा वर्षांची. फाइलीत लिहिलं होतं की तिनं औषधांच्या दुकानाचं मागचं दार फोडलं, आत आलेल्या म्हाताऱ्या रखवालदाराला जिन्यावरून ढकललं, त्याचा खुबा मोडला. जिन्यात तिचा मफलर सापडला होता, आणि पोलीस दारात आल्यावर तिनं स्वतःच कबूल केलं होतं. इथं आल्यापासून ती 'हो', 'नाही' आणि 'झालं' एवढ्यावर भागवत होती. काम मात्र असं चोख की नाव ठेवायला जागा नाही. बटाटे सोलायला ती काकूंच्या हाताखाली असायची. काकू म्हणजे स्वयंपाकीण. दोघी मिळून महिन्याला दहा वाक्यं बोलत असतील, त्यातली सहा बटाट्यांबद्दल. प्रार्थनेलाही काकू ओल्या हातांनी दारात उभ्या राहायच्या आणि 'आमेन' म्हणून परत आपल्या पातेल्याकडे.

चौदापैकी तेरा मुली एकदा ना एकदा बाईंच्या खांद्यावर रडून मोकळ्या झाल्या होत्या. हा हिशेब बाईंनी कुठं मांडला नव्हता, पण तो त्यांच्या डोक्यात पक्का होता. कोण किती दिवसांत रडलं, हेही त्यांना सांगता आलं असतं. एक बाकी होती आणि ती त्यांना दाढेत अडकलेल्या कणासारखी छळत होती. त्यातून मंगळवारी बोर्डापुढे कुलपाची तारीख. घरी सोडायचं की आणखी एक वर्ष ठेवायचं, हे त्या दिवशी ठरणार होतं. बाईंचा अहवाल मागितला होता, आणि जिनं तोंडच उघडलं नाही तिच्याबद्दल लिहायचं काय?

शुक्रवारी दुपारी बाई आणि कुलूप गच्चीवर वाळलेल्या चादरींच्या घड्या घालत होत्या. दोन टोकं हिच्या हातात, दोन तिच्या. ताणायचं, झटकायचं, एकमेकींकडे चालत येऊन टोकाला टोक जुळवायचं, पुन्हा मागं सरायचं. सातव्या चादरीला मुलगी जवळ आली आणि टोकं हातात द्यायचं विसरली.

"ते मी नाही केलं," ती म्हणाली.

बाईंनी हातातली टोकं तशीच धरून ठेवली.

"काय नाही केलंस, बाळ?"

"रखवालदार. दादानं ढकललं. मी त्या दिवशी घरीच होते. मफलर माझा होता, पण गळ्यात त्याच्या."

"मग तू कबूल का केलंस?"

"तो एकोणीसचा. त्याला मोठ्या तुरुंगात टाकला असता. मला इथं." तिनं आजूबाजूला बघितलं, चादरींकडे, दोरीकडे. "इथं काय, बरं आहे."

बाईंनी तिला छातीशी धरलं. पोरगी रडली नाही, पण लांबही झाली नाही. बाईंनी तेवढ्यावर चौदावी आकड्यात धरली.

"कुणाला सांगू नका, बाई."

"कुणालाही नाही," बाई म्हणाल्या. "फक्त देवाला सांगेन."

आणि हे त्या अगदी मनापासून म्हणाल्या.

दोन दिवस बाईंच्या पायाला जमीन लागली नाही. शनिवारी त्यांनी काकूंना स्वयंपाकघरात जाऊन नुसतंच सांगितलं, "देव मोठा आहे हो." काकू म्हणाल्या, "ते आहेच. चमचा द्या तो." पोटातली गोष्ट ओठापर्यंत येऊन परत गेली. बाईंनी स्वतःची पाठ थोपटली. शब्द द्यावा तर असा पाळावा.

रविवार घरच्यांना भेटण्याचा होता. महिन्यातून एकदा दिवाणखान्यात खुर्च्या मांडायच्या, आधी उपासना, मग चहा. आई, बाप, आजी, थोरल्या बहिणी, कुणी ना कुणी यायचं. कुलपाची आई दर वेळी यायची. ताठ बसायची, मांडीवर पर्स, तोंडावरची माशी हलणार नाही. मुलीला एकच विचारायची, "जेवतेस ना?" मुलगी म्हणायची, "हो." झाली भेट. त्या दिवशी प्रोबेशनच्या मॅडमही आल्या होत्या, मंगळवारच्या आधी एकदा घरच्यांशी बोलून घ्यावं म्हणून. मुली त्यांना फाइलवाली म्हणत. मॅडम मागच्या रांगेत फाइल मांडीवर ठेवून बसल्या.

गीत झालं. वचन वाचून झालं. बाईंनी डोळे मिटले.

सुरुवात नेहमीसारखीच होती. आजारी, प्रवासातले, राज्य करणारे, छपराची गळती. मग मुलींपैकी एकीचा दात, दुसरीचं गणित. रेडिओनं दोन्ही ओळखली आणि बोटानं खुणा केल्या. मग बाईंचा आवाज जरा खाली उतरला. जेव्हा तो असा उतरायचा, तेव्हा आतून काहीतरी वर येत असायचं, आणि ते बाई स्वतःचं मानत नसत. तोंड तेवढं आपलं, शब्द वरून येतात असं त्यांचं ठाम मत होतं.

"आणि प्रभू, आज तुझ्या एका लेकरासाठी मी रडते. सोळा वर्षांचं कोवळं लेकरू. दुसऱ्याचं पाप यानं आपल्या अंगावर घेतलं, बापा. तू जसं घेतलंस तसं घेतलं. भावाच्या हातून तो म्हातारा रखवालदार पडला, आणि हे लेकरू म्हणालं, मी पाडला. आठ महिने यानं तोंड उघडलं नाही. याला तू न्याय दे. आणि त्या माउलीला बळ दे, प्रभू, जिला माहीतसुद्धा नाही की आपल्या पोरानं काय केलं आणि आपल्या पोरीनं काय सोसलं."

खोलीत चिडीचूप झालं. एक खुर्ची करकरली नाही, कुणी खोकलं नाही. बाईंना वाटलं, मनं हेलावली. त्यांनी ती शांतता आणखी थोडी राहू दिली, गालावरचं पाणी पुसलं, 'आमेन' म्हटलं. प्रतिध्वनी आला नाही. दारातून काकूंचंसुद्धा 'आमेन' आलं नाही.

बाईंनी डोळे उघडले. तेरा मुली टक्क डोळ्यांनी त्यांच्याकडे बघत होत्या. रेडिओचं बोट अर्ध्यात थांबलं होतं, आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते बाईंनी कधी बघितलं नव्हतं. ती पोरगी घाबरली होती. तेव्हा कुठं बाईंच्या कानात आपलेच शब्द मागून पोहोचले, एकेक करून. त्यांनी खुर्चीची पाठ धरली.

मागच्या रांगेतून मॅडम उठल्या. "बाई, हे कुणाबद्दल होतं?"

"मी नाव नाही घेतलं," बाई म्हणाल्या.

"सोळा वर्षं, रखवालदार, आठ महिने. माझ्याकडे अशी फाइल एकच आहे."

बाईंनी कुलपाच्या आईकडे बघितलं. तिला आता भोवळ येणार, किंचाळी फुटणार, तिला सावरायला हवं, म्हणून त्या पुढं झाल्यासुद्धा. आई शांतपणे उभी राहिली. पर्स काखेला लावली. दोन खुर्च्या ओलांडून मुलीपाशी गेली आणि हलक्या आवाजात, दूध उतू का गेलं विचारावं तसं, म्हणाली,

"सांगितलंस तू यांना? आपलं ठरलं होतं ना?"

हे हलकं बोलणं खोलीतल्या शेवटच्या खुर्चीपर्यंत गेलं. पुढं झालेल्या बाई जागीच थांबल्या. ठरलं होतं. म्हणजे हिला माहीत होतं. नुसतं माहीत नव्हतं, बसून ठरवलं होतं. कुणाला ठेवायचं आणि कुणाला धाडायचं. आणि मग दर महिन्याला येऊन विचारलं होतं, जेवतेस ना.

आई मॅडमकडे वळली. "पोरगी खोटारडी आहे, मॅडम. लहानपणापासून. काहीही रचून सांगते. या बाई भोळ्या, यांना खरं वाटलं."

"बाई," मॅडम म्हणाल्या, "तिनं तुम्हाला हे स्वतः सांगितलं का? हो की नाही, एवढंच."

इतकी सोपी परीक्षा बाईंची कुणी घेतली नव्हती आणि इतकी अवघडही. हो म्हणावं तर दिलेला शब्द दुसऱ्यांदा मोडतो. नाही म्हणावं तर रोज सकाळी ज्या मुलींना खोटं बोलू नये म्हणून शिकवलं, त्या समोर बसलेल्या. त्यांनी मुलीकडे बघितलं. मुलगी त्यांच्याकडे बघत नव्हती.

"मला विचारू नका," बाई म्हणाल्या. "माझ्या तोंडातून जायला नको होतं ते जाऊन बसलं. आता तिला विचारा. ती जे म्हणेल ते."

"ती काय म्हणणार?" आई म्हणाली. "चल, सांग त्यांना. सांग की नाही म्हणून."

कुलूप उठली. आईच्या खांद्यापर्यंतच यायची ती. "मी सांगते," ती मॅडमना म्हणाली. "सगळं सांगते. पण आत, ऑफिसात. आई नको."

"बरं. बाईंना बरोबर घेऊ का?"

"बाई नकोत. काकूंना बोलवा."

काकूंनी दारातच हात पुसले, ॲप्रन सोडून खुंटीला अडकवला आणि मुलीच्या मागं उभ्या राहिल्या. ऑफिसच्या दाराशी बाई आडव्या आल्या. काय बोलायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं, तरी तोंड उघडलं. "बाळ, मला माफ कर. मला वाटलं तुझ्या आईला..."

"तुमचे डोळे मिटलेले होते," मुलगी म्हणाली. ती रागात नव्हती, आणि ते बाईंना जास्त लागलं. "माझे उघडे होते. तुम्ही रखवालदार म्हणालात ना, तेव्हा आईनं आधी मॅडमकडे बघितलं. त्यांना कळलं का, ते बघायला. मी वाट बघत होते. माझ्याकडे तिनं बघितलंच नाही. तुम्ही आमेन म्हणेपर्यंत बघितलं नाही."

दार लागलं.

दिवाणखान्यातली माणसं खाली मान घालून अंगणात सरकली. चहा कुणी मागितला नाही. ऑफिसबाहेरच्या बाकावर बाई बसल्या, आणि दुसरीकडे कुठं जागा नसल्यासारखी त्याच बाकावर आई बसली.

"तुम्हाला मुलं आहेत?" आईनं विचारलं.

"नाही."

"दोघांतलं एक वाचत होतं. मला वाटलं, हिचं वय लहान, हिचं निभेल. तुम्ही काय केलं असतं?"

एरवी अशा वेळी बाईंकडे तयार उत्तर असायचं. समोरच्याचा हात हातात घ्यायचा, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, चला, प्रार्थना करू. हात सवयीनं उचलला गेला. आईच्या मनगटापाशी येऊन तो थांबला, आणि बाईंना आपल्याच तोंडाची भीती वाटली. त्यांनी हात परत मांडीवर ठेवला.

आई उठली. पर्समधून फोन काढत ती फाटकाकडे निघाली, पावलं भराभर उचलत. फोन मुलालाच लावणार हे सांगायची गरज नव्हती. बाईंनी तिला अडवलं नाही, हाकही मारली नाही.

बंद दारातून मुलीचा आवाज येत होता. एकसारखा, न थांबता. आठ महिन्यांत ती एवढं सलग कधी बोलली नव्हती. शब्द नीट कळत नव्हते, पण मधेच एखादा स्पष्ट व्हायचा, 'दादा', 'तेव्हा आई'. बाई जागच्या उठल्या. व्हरांड्याच्या पार टोकाला, जिथं नुसता बागेतल्या नळाचा आवाज पोहोचत होता, तिथं जाऊन उभ्या राहिल्या, आणि दार उघडेपर्यंत तिथून हलल्या नाहीत.